चोथ्याचाही हिशेब ठेवा!

पदार्थ जाळून त्यातून किती उष्णता मिळते हे मोजता येते. अन्नाचे उष्मांक काढण्याची मूळ रीत हीच. पण आपले पोट म्हणजे काही भट्टी नव्हे!

भाकरीतला किंवा मटकीतला चोथा घ्या. तो पचविणारे पाचकरस आपल्यापाशी नाहीत. म्हणून तो वाया जातो काय? मुळीच नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचा बराच भाग आंबवतात. 2016 सालच्या एका अंदाजानुसार प्रौढाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात. त्यांचे वजन मात्र जेमतेम 200 ग्रॅम! चोथ्यापासून ते ब्युटिरिक आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच.

आणि चोथा मिळालाच नाही तर? 2016 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या आतड्यातले जीवाणू उंदरांत वाढवून त्यांना बिनचोथ्याचे अन्न दिले. भुकेले जीवाणू आतड्याचे बुळबुळीत आवरणच खाऊ लागले. ते पातळ झाले आणि रोगजंतूंचे फावले. उंदरांवरून माणसाविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण सावध व्हायला एवढे पुरे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मैद्याची बिस्किटे आणि भाकरी-उसळ यांची तुलना नुसत्या उष्मांकांवर करणे अशास्त्रीय आहे. पुड्यावरचे उष्मांक वाचाल, तेव्हा चोथ्याचा आकडाही शोधा. तो नसेल, तर 'का नाही?' असे जरूर विचारा.