‘फिके’ या शब्दाविषयी

मराठीतले ‘फिका’ हे विशेषण एका दमात दोन आरोप करते. रंग फिका असतो आणि चवही फिकी असते. भाजीत मीठ कमी पडले तर ती फिकी, धुऊन धुऊन विटलेले कापड फिके, आणि एकापुढे दुसरा निष्प्रभ ठरला तर तोही ‘फिका पडतो’. डोळ्याची साक्ष कोणती आणि जिभेची कोणती, हे वेगळे करण्याची गरज या शब्दाला वाटत नाही. समीक्षेत आपण तो सर्रास वापरतो. मीही वापरला आहे, आणि एकदा वापरायला नको होता. त्याविषयी पुढे येईलच, आधी टोमॅटो.

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे मी पांढऱ्या टोमॅटोच्या दोन जाती लावल्या. ‘ग्रेट व्हाइट’ हे तळहात भरेल असे थोराड, पसरट फळ. ‘डॉक्टर कॅरोलिन’ बोराएवढी, घोसाने लागणारी. या राज्याला आपल्या लाल टोमॅटोचा मोठा अभिमान आहे. येथल्या विद्यापीठाचे नाव मिरवणारी ‘रटगर्स’ ही जात १९३४ सालची, आणि अजूनही लोक तिच्याविषयी हळवे होऊन बोलतात. अशा ठिकाणी पांढरा टोमॅटो लावणे म्हणजे रत्नागिरीत जाऊन तोतापुरीचे कलम लावण्यासारखेच.

‘पांढरा’ हेही तसे औदार्याने दिलेले नाव. फळ असते हस्तिदंती, किंवा सायीच्या रंगाचे; पानांच्या सावलीत राहिले तर गोरे राहते, उन्हात आले की पिवळसर होते. लाल टोमॅटो आपण पिकल्याचे दुरूनच जाहीर करतो. हा काही सांगत नाही. रोज सकाळी फळ हातात घेऊन हलकेच दाबून पाहावे लागते. पहिली पाच-सहा फळे मी कच्चीच तोडली, आणि मग सावध झाल्यामुळे पुढची काही झाडावरच तडकली. पक्ष्यांना पांढरी फळे पिकलेली कळत नाहीत, असे येथली हौशी मंडळी सांगतात. आमच्या अंगणातल्या खारींच्या कानावर ते गेलेले नसावे.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या होत्या. एका रविवारी मी या टोमॅटोचे सार केले. नारळाचे दूध, तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची. रंग मोडू नये म्हणून हळद नाही की तिखट नाही. वाटीकडे पाहून त्या म्हणाल्या, “कढी केलीस होय? बेसन कमी पडलंय गं.” एक घोट घेतला आणि थांबल्या. “ताक नाहीये यात. मग आंबट कशानं झालं?” मी सांगितले. त्यांनी पुन्हा घोट घेतला. “टोमॅटो म्हणतेस, पण टोमॅटोची चव कुठाय? फिकं लागतंय.” तिसऱ्या घोटाला त्यांनी, मी काही न सुचवता, डोळे मिटले. “हां. आता लागतोय टोमॅटो.”

हे घरगुती कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण २००१ साली मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांनी प्रसिद्ध केलेला बोर्दो येथील प्रयोग आठवला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन, नुसता गंधहीन लाल रंग मिसळून, ठेवण्यात आली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या परिभाषेत केले. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून रोचक वाटावी अशी गोष्ट त्याच निबंधात आहे: जाणकारांनी लिहिलेली वर्णने तपासली असता असे दिसले, की लाल वाइनसाठी ते गडद वस्तूंची नावे घेतात आणि पांढरीसाठी फिकट वस्तूंची. म्हणजे जाणकाराची भाषा जिभेच्या आधी डोळ्याशी बोलून ठेवते. बी विकणाऱ्यांच्या सूचिपत्रांत पांढऱ्या टोमॅटोपुढे ‘सौम्य, गोड, आंबट कमी’ असे शब्द छापील ठशासारखे येतात, ते त्यातूनच. वस्तुतः आम्लतेचा रंगाशी असा सरळ संबंध नाही. साखर जास्त असली की आंबटपणा झाकला जातो, एवढेच.

इथवर आल्यावर, डोळा खोटा आणि जीभ खरी, असा निकाल देण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनचा, ते आणि त्याच्या कुळातली रंगद्रव्ये विघटित होऊनच टोमॅटोतली काही सुगंधी द्रव्ये तयार होतात, आणि त्यांतली काही आपल्याला फळ अधिक गोड भासवतात. गर फिकट असणाऱ्या बहुतेक जातींत ही रंगद्रव्ये बनवणाऱ्या साखळीतले पहिलेच विकर फळात निकामी असते. सालीतला पिवळेपणाही नसला की फळ हस्तिदंती दिसते. तेव्हा पांढऱ्या टोमॅटोत काहीतरी खरोखरच कमी असते. डोळा सर्वस्वी लबाडी करत नाही. फक्त, जे उरते तेही आपले असते. साखर, आम्ल, आणि रंगाशी नाते नसलेले ते पानासारखे हिरवे वास. दाण्याचे कूट घातलेल्या कोशिंबिरीत हे सारे हरवून जाते. उन्हाने कोमट झालेले फळ झाडाखालीच उभे राहून, मिठाच्या दोन कणांबरोबर खाल्ले, की सापडते.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहिले, तेव्हापासून डोळ्यांवर पट्टी बांधण्याला आपल्या व्यवसायात प्रतिष्ठा आहे. पट्टीने नावाचा दबाव जातो, हे खरे. पण आपली रुची ज्या मापाने मोजते ते माप पट्टीआडही तसेच राहते. सासूबाईंनी डोळे मिटून जो टोमॅटो ओळखला, तो लालच होता. भरताने रसांना रंग वाटून दिले तेव्हा रौद्राला लाल दिला आणि हास्याला पांढरा. तेथे पांढरा हा तांबड्याचा अभाव नाही, तो एका रसाचा स्वतःचा वर्ण आहे. आपल्या समीक्षेत मात्र ‘धगधगीत’, ‘रसरशीत’, ‘गडद’ यांच्या समोर ‘फिके’ नेहमी उणेच.

काही वर्षांपूर्वी, मी महाराष्ट्रात शिकवत असताना, माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला कवितासंग्रह आला. मी परीक्षण लिहिले. त्यात ‘अनुभव फिके आहेत’ असे एक वाक्य होते. कविता दुपारच्या घराविषयी होत्या, नळाला पाणी येण्याच्या वेळेविषयी, आजारी माणसाच्या उशीविषयी. वर्गात आम्ही तेव्हा ज्वलंत कविता शिकवत होतो आणि ती शिकवणे योग्यच होते. पण त्याच मापाने मी हिच्या कविता मोजल्या. तिने त्यानंतर काहीही प्रसिद्ध केले नाही. ते माझ्या वाक्यामुळेच, असे मानणे अहंकाराचे ठरेल. माझ्या वाक्यामुळे मुळीच नव्हे, असे मानणे सोयीचे ठरेल.

तो संग्रह मी या हिवाळ्यात मागवून घेतला आणि पुन्हा वाचला. निम्म्या कविता आजही कमकुवत वाटतात. दोन ठिकाणी प्रतिमा उसनी आहे, शेवट घाईचे आहेत, आणि हे सगळे मला परीक्षणात लिहिता आले असते. त्याचा तिला उपयोगही झाला असता. पण उशीवरच्या चार कवितांत एक थंड, स्वच्छ आंबटपणा आहे. तो तेव्हा मला लागला नव्हता, कारण त्या कविता मी दुरूनच पाहून ठेवून दिल्या होत्या. तिला पत्र लिहायला घेतले आहे. पहिला परिच्छेद तीनदा झाला. ‘फिके’च्या जागी कोणता शब्द घालावा ते अजून सुचलेले नाही.