मोटर रोल फिरवते, मोजायचे मात्र आपणच

इचलकरंजीच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे, ‘चाचांचा जुना मामिया ६४५ प्रो कॅमेरा घरात पडून आहे. त्यावर रोल घालून नात्यातल्या लग्नांचे फोटो काढायची हौस आहे. त्याला बसणारी मोटरची ग्रिप मिळते आहे. घ्यावी का?’

आमचे उत्तर सरळ आहे. जरूर घ्या, पण मोटर काय करते आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्या.

या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागतो आणि त्यावर १५ फोटो येतात. प्रत्येक फोटोनंतर उजव्या हाताने क्रँक फिरवली की रोल पुढे सरकतो आणि शटर पुढच्या फोटोसाठी तयार होते. क्रँक फिरवताना कॅमेरा हलतो, डोळा निसटतो. तेवढ्यात नवरी हसून मोकळी होते. ग्रिप लावली की हे काम मोटर करते. उजव्या हाताला भक्कम मूठ मिळते, डावा हात फोकसवर राहतो आणि डोळा माणसावर.

ही सोय किती मोलाची, याचा दाखला चंद्रावरचा आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर तिथे उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीचा मोटरचा कॅमेरा होता. जाड हातमोजे घालून रोल फिरवणे कठीण, म्हणून ते काम मोटरकडे दिले होते. मात्र त्यांच्या मॅगझिनमध्ये लांबलचक फिल्म होती. आपल्याकडे १५ फोटो, बस्स.

इथेच आम्ही एकदा फसलो. नवी ग्रिप हातात होती, उत्साह दांडगा होता. ग्रिपवर दोन खुणा असतात. ‘एस’वर एका दाबाला एक फोटो निघतो, ‘सी’वर बोट दाबून धरले की फोटो निघतच राहतात. आम्ही ‘सी’वर ठेवून स्टेजवरच्या पाहुण्यांचे फोटो भराभर काढले. रुखसतीची वेळ झाली. नवरीच्या डोक्यावर कुरआन शरीफ धरले होते. तिचे अब्बा, आयुष्यभर कमी बोलणारा माणूस, पुढे झाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही बटण दाबले. काही झाले नाही. रोल संपला होता. नवा रोल भरेपर्यंत गाडीचे दार लागले होते.

पुढची ईद यायच्या आत ते अल्लाहला प्यारे झाले. काही वर्षांनी ती मुलगी माहेरी आली असताना भेटली आणि म्हणाली, ‘‘चाचा, अब्बांनी डोक्यावर हात ठेवला होता, तो फोटो तुमच्याकडे असेल ना?’’ आम्ही खरे तेच सांगितले. ती ‘‘असू द्या’’ म्हणाली, पण आम्हाला ते अजून जमलेले नाही. दोष मोटरचा नव्हता. हाताला कष्ट होते तेव्हा आम्ही मोजून फोटो काढत होतो. कष्ट गेले आणि मोजणेही गेले.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही पाळतो. ग्रिप नेहमी ‘एस’वर. दुसरे मॅगझिन रोल भरून तयार. या कॅमेऱ्यात डार्क स्लाईड घालून मॅगझिन मध्येच बदलता येते. त्यामुळे बारा फोटो झाले असतील आणि मोठा प्रसंग जवळ आला असेल, तर उरलेल्या तिनांचा लोभ न धरता मॅगझिन बदलतो. उरलेले फोटो नंतर वापरता येतात, काही वाया जात नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. निकाहचा खुतबा चालू असताना मोटरची घरघर झाली की सगळ्या माना वळतात. म्हणून त्या वेळी ग्रिप काढून क्रँक लावावी, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून खुतबा ऐकावा. पण क्रँक लावली म्हणजे सेलची काळजी मिटली असे नाही. या कॅमेऱ्याचे शटर विजेवर चालते, त्याला ६ व्होल्टचा छोटा सेल लागतोच. तो एक जादा खिशात ठेवावा.

जुनी ग्रिप घेताना सेलची जागा उघडून पाहा. पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल आत गळलेले आहेत, सौदा सोडलेला बरा. मग एक रोल पूर्ण काढून धुवून आणा. दोन फोटोंमधली जागा सारखी नसेल किंवा फोटो एकमेकांवर चढले असतील, तर रोल नीट सरकत नाही असे समजा. घरी कॅमेरा ठेवताना, विशेषतः पावसाळ्यात, सेल काढूनच ठेवा.

आणि रोल संपल्यावर त्याच्या कागदी पट्टीला जिभेने ओले करून चिकटवायची फोटोग्राफरांची सवय असते. रोजा असेल तर ओले बोट लावा, पट्टी तितकीच घट्ट बसते.

तेव्हा ग्रिप घ्या. फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी शेवटचे दोन-तीन फोटो प्रत्येक वेळी राखून ठेवा. त्यांना पुन्हा उभे राहायला सांगू म्हटले, तरी ते नेहमीच जमते असे नाही. अल्लाह सर्वांच्या अब्बा-अम्मींना आफियतीत ठेवो. आमीन.