पावसाळ्याचे चार महिने मेंढरे न्यायची कुठे?

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांतल्या धनगर मेंढपाळांचे वर्ष पाऊस आणि पेरणी मिळून ठरवतात. दिवाळीच्या आगेमागे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, घाटाखाली किंवा बागायती मुलखात उतरतात. कापणी झालेल्या रानात शेतकरी मेंढरे बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख देतात. तोवर मेंढपाळाचे वनविभागावाचून फारसे अडत नाही. अडते ते जूनपासून. कोकणातला पाऊस आणि चिखल मेंढीला मानवत नाही, म्हणून कळप जेमतेम 500 मिलिमीटर पावसाच्या आपल्या मुलखात परततात आणि नेमकी तेव्हाच तिथली शेते पेरलेली असतात. उरतात गायराने आणि आपल्या विभागाच्या ताब्यातले डोंगरमाळ. गायरानांवर अतिक्रमणे होतीच, आता सौर प्रकल्पही येऊ लागले. डोंगरमाळावर चराईबंदीचा फलक आहे. हे पत्र एवढ्या चार महिन्यांपुरते आहे.

या चराईला कायद्याचा आधार नाही असे कोणी म्हणेल, तर तो 1927 च्या भारतीय वन अधिनियमावरच थांबला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये स्थायी आणि फिरती, अशी दोन्ही प्रकारची चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर हे सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिले आहेत. 2012 मध्ये दुरुस्त झालेले नियम सांगतात की पशुपालकांच्या दाव्यांची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळी व्हावी. धनगर आरक्षणाच्या वादाशी याची गल्लत होते, तीही अनाठायी आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांनाही 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करता येतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट जाचक आहे खरी. पण वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि परंपरागत चराईच्या जागा हे पुरावे नियमांतच मान्य आहेत. कायद्याच्या अंमलबजावणीचे काम आदिवासी विकास विभागाकडे आहे हे उत्तर मिळेल. परंतु नकाशे, गटांच्या सीमा आणि तो फलक आपल्याकडे आहेत. सामूहिक वनहक्कांत गडचिरोलीने देशाला वाट दाखवली. ती वाट माणदेशापर्यंत का पोचू नये?

सर्वांत गंभीर आक्षेप अतिचराईचा. तो खोटा नाही: उरल्यासुरल्या तुकड्यावर सगळे कळप कोंडले, तर गवत मुळासकट जाते. पण हे कोंडणे बंदीमुळेच वाढते; कळप फिरता राहिला की गवताला उसंत मिळते. बंदी घातली की निसर्ग आपोआप सावरतो, ही समजूत राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात तपासून झाली आहे. तिथे 1982 मध्ये चराई बंद केली, विरोध करणाऱ्यांवर झालेल्या गोळीबारात माणसे मेली, आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासात आढळले की म्हशी नसल्यामुळे गवत माजून पाणथळीच गुदमरत आहे. पाणथळीचा नियम माळाला जसाच्या तसा लागत नाही, हे मान्य. मग कोरड्या मुलखाचे उदाहरण घ्या. कच्छच्या बन्नीत रण थोपवण्यासाठी 1960 च्या दशकात वेडी बाभूळ लावली. तिने तिथल्या मालधारी पशुपालकांच्या कुरणाचा मोठा भाग गिळला. आपल्याकडे 2019 मध्ये 33 कोटी झाडांचा संकल्प झाला, पण खड्डे कुठे खणायचे याचा विचार आकड्याइतका झाला नाही. पवन्या आणि मारवेल गवत वाढणारा माळ म्हणजे बिघडलेले जंगल नव्हे. तो लांडग्याचा, चिंकाऱ्याचा, तणमोराचा अधिवास आहे, आणि तिथे दाट झाडी उभी करणे म्हणजे त्यांनाही हुसकावणे.

दुसरा आक्षेप असा की मेंढपाळांच्या मुलांनाच हा धंदा नको आहे, मग हक्क कोणासाठी? मुलांना नकोशी होते ती दंडाची पावती, वाटेतली अडवणूक आणि रात्रीची चोरी. यातले पहिले दोन त्रास सरकारला आजच कमी करता येतील. शिवाय सरकारला स्वतःला हा धंदा संपायला हवा आहे असे दिसत नाही. पशुसंवर्धन विभाग महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एक नर 75 टक्के अनुदानावर देतो. एका विभागाने मेंढरे द्यायची आणि दुसऱ्याने ती माळावरून हाकलायची, हा खर्च एकाच तिजोरीतून चालला आहे. चराईसाठी रोख अनुदान देणे हाही उपाय नव्हे, कारण पावसाळ्यात एवढा हिरवा चारा विकत मिळतच नाही.

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त परिसंवाद होतीलच. ते झाले नाहीत तरी चालेल. या पट्ट्यातल्या जिल्हास्तरीय वनहक्क समित्यांनी मेंढपाळांचे दावे जून ते सप्टेंबर या काळात, वाडे गावी असताना मागवावेत, आणि आपल्या अधिकाऱ्यांनी चराईच्या वाटा व जागा त्यांच्यासोबत चालून नकाशावर घ्याव्यात. रोपवनासाठी बंद आणि चराईसाठी खुले गट दर काही वर्षांनी आलटून पालटून ठेवावेत. कोणता गट बंद आहे याची यादी वाडे परतण्याआधी, मे महिन्यातच, ग्रामपंचायतीत लागावी. आणि दावा प्रलंबित असेपर्यंत त्या जागेवरच्या मेंढरांसाठी दंडाची पावती फाडू नये, एवढा लेखी आदेश या पावसाळ्याआधी निघावा.

कळावे,
एक नागरिक