माणसांचा वैद्य आणि गुरांचा वैद्य

गेल्या पंधरवड्यात धरमतरच्या खाडीकाठी एका परिचित घरी जाण्याचा योग आला. घरातील नात पशुवैद्यकाची पदव्युत्तर परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेली. आता तिला डॉक्टरेटसाठी आणखी पाच वर्षे संशोधन करावयाचे आहे. तेही केवळ गुरांच्या रोगांवर नव्हे, तर गुरांपासून माणसांस होणाऱ्या रोगांवर. आजोबांनी ओटीवरच आम्हांस गाठले. "मास्तर, इतके शिकून शेवटी ढोरांचीच डॉक्टर ना? आणि आणखी पाच वर्षे घरून पैसे पुरवावयाचे?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. असा प्रश्न पुष्कळ घरांत पडत असेल, म्हणून ते येथे देत आहो.

प्रथम 'ढोरांच्या डॉक्टर'विषयी. ही तुच्छता आपल्या परंपरेतील खचित नव्हे. अश्वचिकित्सेस शालिहोत्र आणि गजचिकित्सेस पालकाप्य यांची नावे संस्कृत वाङ्मयात आदराने घेतली जातात. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा यांचा उल्लेख एकत्रच आहे. या दोन विद्यांची फारकत आपण मागाहून केली.

रोगाला मात्र ही फारकत मान्य नाही. लेप्टोस्पायरोसिसचेच पाहा. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात उतरतात आणि भातखाचरात राबणाऱ्याच्या पायावरील लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. रोग विकोपास गेला म्हणजे यकृत व मूत्रपिंडे निकामी होतात. डॉक्टर रोग्यास पाहतो, पशुवैद्य गाईस पाहतो. परंतु गोठ्यापासून खाचरापर्यंतची वाट दोघांपैकी कोणी पाहावयाची? ती पाहणारा मनुष्य दोन्ही शास्त्रे जाणणाराच हवा.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. तांबड्या विंचवाच्या दंशाने कोकणात कित्येक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून आपला अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात मांडला. पुढे २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ८ जण दहा तासांत बरे झाले. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. हे प्रतिविष येते कोठून? घोड्यास विषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचतात, आणि त्याच्या रक्तात जो उतारा निर्माण होतो, तो वेगळा काढून शुद्ध करतात. घोडा निरोगी राखणे हे पशुवैद्याचे काम. म्हणजे महाडच्या खाटेवरील मुलाचा प्राण काही अंशी तबेल्यातही राखला जातो.

सुदैवाने ही दोन्ही शास्त्रे मुंबईत परळ येथे शेजारीच नांदतात. १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे, आणि १८९९ पासून हाफकिन संस्थाही तेथेच आहे. नागपुरास 'एक आरोग्य' या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसविण्यात आली. माणूस, पशू आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, हाच तिचा हेतू.

आता पैशाविषयी. राष्ट्रीय परीक्षेतून निवड झालेल्या संशोधक विद्यार्थ्यास केंद्र सरकारच्या नियमानुसार १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन ठरले आहे, घरभाडे निराळे. तेव्हा ही पाच वर्षे घरावर भार घालणारी नव्हेत. तथापि विद्यावेतन कधी कधी उशिरा हाती पडते, याकरिता चार महिन्यांची शिल्लक गाठीशी असावी. पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळालीच, असेही नाही. हे मुलीस आधीच सांगावे. प्रवेशापूर्वी तिने तीन गोष्टी विचारून घ्याव्या : मार्गदर्शक दोन्ही शास्त्रांतील असतील काय, रुग्णालय व गोठा दोन्हींत काम करता येईल काय, आणि विद्यावेतनाची मुदत लेखी मिळेल काय.

एक कबुली देणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हुशार विद्यार्थ्याला पशुवैद्यक शिकावयाचे होते. त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला घेतला तेव्हा, "हे आपल्या घरांतले काम नव्हे," असे आम्ही सांगून बसलो. तो कचेरीत कारकून झाला, आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. भेटला म्हणजे आजही नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस जड जातो.

म्हणून आजोबांस आमची विनंती एवढीच की, नातीस अडवू नये. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांनी तो तिच्याकडूनच वाचून घ्यावा, आणि मग निकाल द्यावा.