एससीच्या मुली, उभ्या राहा



वरचे चार शब्द मी माझ्या तोंडानं बोलले. आधी तेच सांगते. शिव्या द्यायच्या असतील तर पहिली मला द्या, मग पुढचं वाचा.

मी बी.एड.ला आहे. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यातले वीस आठवडे शाळेत काढायचे ठरले. त्याला आंतरवासिता म्हणतात. शब्द केवढा भारी! अर्थ एवढाच की बिनपगारी राबायचं, एसटीचं भाडंही आपलंच. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावची शाळा माझ्या वाट्याला आली. नाव लिहीत नाही. भिऊन नाही, एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटतात.

सकाळी परिपाठ घ्यायचा. कोणी मास्तर रजेवर गेला की त्याचा तास आपल्या गळ्यात. खिचडीच्या नोंदी आपण करायच्या, वह्या आपण तपासायच्या. उरलेल्या वेळात पाठ. त्याचं टाचण आदल्या रात्री काढायचं: उद्दिष्टं, साहित्य, प्रस्तावनेचे प्रश्न, फलकलेखन, मूल्यमापन. मागच्या बाकावर मार्गदर्शक बसणार आणि शेरा मारणार. 'आवाज चांगला.' 'फलकलेखन सुधारा.' त्या टाचणात सगळ्याला रकाना आहे. लेकरू कुठल्या वस्तीतून येतं, कोणाशेजारी बसतं, त्याला कोण काय म्हणून हाक मारतं, याला रकाना नाही.

७ नोव्हेंबर आला. १९०० साली याच तारखेला बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून सरकारनं हा विद्यार्थी दिवस केला. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बोला. तुम्हाला चांगलं माहीत असणार." का माहीत असणार, ते सगळ्यांना कळलं. मी बोलले. बसायला घरून न्यायचं गोणपाट सांगितलं. शिपाई नसला की पाणी नाही, ते सांगितलं. पोरं गप्प ऐकत होती. टाळ्या पडल्या. मग हेडमास्तरांनी समारोप केला की आता तसं काही राहिलं नाही.

त्याच दिवशी दुपारी शिष्यवृत्तीची यादी आली. आपल्या पोरींच्या या शिष्यवृत्तीला नाव सावित्रीबाईंचं. १८४८ पासून अंगावर शेण झेलत जिनं पुण्यात पोरी शिकवल्या, तिच्या नावाच्या पैशासाठी पोरीची जात पुकारायची! मार्गदर्शक मास्तर म्हणाले, "सातवीत जा. एससीच्या उभ्या करा, मोजा, आधार अन् पासबुक आणायला सांगा."

मी गेले. मी बोलले. पाच पोरी उठल्या. मागून कोणीतरी "फुकटचे पैसे" म्हणालं आणि वर्ग हसला. सहावी उठली नाही. यादीत नाव होतं तिचं. मान खाली घालून वहीत रेघा मारत बसली. मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. दोनदा. मग उठली.

सकाळी जिला गोणपाटाची गोष्ट सांगितली, तिलाच दुपारी मी उभं केलं. मला बी पाचवीत असंच उभं केलं होतं. तव्हा घरी जाऊन आईला म्हणाले होते, मला ते पैसे नकोत. हे सगळं आठवत असून मी बोलले, कारण माझे मार्क त्या मास्तरच्या हातात होते.

आणि मास्तर कोण? सांगताना जीभ जड होते. आपलाच. घरात बाबासाहेबांचा फोटो, नोकरी आरक्षणातली, १४ एप्रिलला पांढरे कपडे. विचारलं तर म्हणतो, "ताई, पंधरा वर्षं असंच चालतंय. वेळ वाचतो. तुमचा शेरा मलाच लिहायचाय, उगा वाढवू नका."

आमच्या जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचं गाव. औंढ्याची गोष्ट तर परिपाठात हमखास. नामदेवांना कीर्तनाला देवळामागं हाकललं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं म्हणतेत. लेकरांना लई आवडते. दगडाचं देऊळ फिरतं म्हणे, अन् इथं मास्तरची मान फिरत नाही.

कॉलेजात सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अनुभव म्हणून वहीत लिही, पण जात घालू नको." जात काढली तर त्या अनुभवात उरतं काय? २००९चा शिक्षण हक्क कायदा आहे. कलम १७ लेकराच्या मानसिक छळाला बंदी घालतं. वंचित गटाच्या लेकराशी भेदभाव होऊ देऊ नये, ही जबाबदारी कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. परीक्षेत ही कलमं लिहिली की मार्क मिळतात. शाळेत बोलली की मार्क जातात.

आता तुमच्याकडं वळते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली. १९७८ला ठराव झाला, नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. ते विसरायचं नाही. पण त्या विद्यापीठाच्या गेटपर्यंत पोचायच्या आधी आपली पोर वर्गात कितीदा उभी केली जाते, हे आपण कव्हा मोजलं? मिरवणुकीत डीजेला वर्गणी जमते. शाळेच्या फाटकात दोन माणसं जमत नाहीत. नामफलकाला हार घालायला सगळे पुढं. हेडमास्तरला एक प्रश्न विचारायचा तर म्हणे, आपली पोरं तिथंच शिकतात, कशाला वाकडं घ्यायचं? माझ्यासारखंच बोलता की तुम्ही!

आठवी-नववीची यादी आली तव्हा मी वर्गात गेले नाही. यादी घेतली आणि शाळा सुटल्यावर वस्तीत गेले. अकरा घरं. एका घरी आईबाप ऊसतोडीला गेलेले, आजी एकटी. तिनं ट्रंकेतून पासबुक काढलं, चहा पाजला, माझं गाव विचारलं. वेळ वाचतो म्हणतेत, त्या वेळेचा हिशेब देते: दोन संध्याकाळी. कागद जमले. कोणाला उभं राहावं लागलं नाही.

माझ्या वहीत शेरा पडला, 'सूचनांचे पालन करत नाही.' प्रमाणपत्रावर सही अजून व्हायची आहे. सातवीतली ती पोरगी माझ्याशी अजून बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज सुटले की तुमच्या गावच्या शाळेत जा. यादी कशी वाचतेत ते खिडकीतून ऐका. वाचणारा आपला निघाला तर आधी त्याच्याच घरी जा.