व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे कॅलेंडर नव्हे



माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे तीनपेक्षा जास्त माणसं काम करत असतील आणि कामाच्या तारखा अजून व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा तुमच्या डोक्यात असतील, तर नवीन माणूस घेऊ नका, जाहिरात करू नका. आधी सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर करा.

का ते बघा. समजा, तुमचं एसी सर्व्हिसिंगचं काम आहे. फोन घेणाऱ्या एक ताई, तीन टेक्निशियन आणि व्हॅक्यूम पंप एकच. मार्च लागला की फोन थांबत नाहीत. तुम्ही सकाळी ग्रुपवर टाकता, 'उद्या 11 ला कोथरूड, गॅस चार्जिंग'. खाली तीन अंगठे येतात. मग दोन गुड मॉर्निंग, एक पावतीचा फोटो, एक लोकेशन. दुपारपर्यंत तुमचा मेसेज कुठल्या कुठे गेला. तोवर ताईंनी वारज्याच्या गिऱ्हाइकाला त्याच वेळेचं गॅस चार्जिंग कबूल केलंय. पंप एक, गिऱ्हाइकं दोन. त्यातलं एक अर्धी रजा टाकून घरी वाट बघत बसलंय.

यात कामचुकारपणा कुणी केला का? नाही. तरी शब्द मोडला. आणि छोट्या धंद्यात शब्द हेच भांडवल असतं. ते गिऱ्हाईक भांडणार नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्याला फोन करेल, इतकंच.

'आमच्या पोरांना हे जमणार नाही' असं बरेच जण म्हणतात. अहो, जी मुलं यूपीआयने पैसे घेतात त्यांना तारीख बघता येणार नाही? आणि हे आपल्याला नवीन आहे कुठे? कालनिर्णय 1973 पासून घराघरात भिंतीवर आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं त्याच्यावर लिहिलेलं. ते कुणा एकाच्या कपाटात नसतं, सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं असतं. ऑफिसात तेच करायचंय.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. गूगल कॅलेंडर फुकट आहे. फक्त धंद्याच्या नावाचं वेगळं जीमेल अकाउंट काढा. तुमच्या किंवा ताईंच्या खाजगी अकाउंटवर कॅलेंडर केलंत, तर उद्या माणूस गेला की कॅलेंडरही अडकलं. कॉम्प्युटरवर उघडा, डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'समोरच्या अधिकच्या चिन्हावर जाऊन नवीन कॅलेंडर तयार करा. मग सेटिंगमध्ये प्रत्येकाचा ईमेल घालून शेअर करा. 'पब्लिक' हा पर्याय मात्र बंदच ठेवा, त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि नंबर असणार आहेत.

इथपर्यंत अर्ध्या तासाचं काम. खरी गोष्ट पुढे आहे, ती म्हणजे नियम.

1. बघायचं सगळ्यांनी, लिहायचं दोघांनीच. ताई आणि तुम्ही. बाकीच्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या. सगळेच लिहायला लागले की चुकून नोंद उडते आणि कुणी उडवली यावर भांडणं होतात.

2. नोंदीत चार गोष्टी हव्यातच: जागा, काम, माणूस, सामान. 'कोथरूड, गॅस चार्जिंग, सचिन, पंप'. पंप दोनदा दिसला की घोटाळा आदल्या दिवशीच कळतो.

3. जाण्यायेण्याचा वेळ धरा. काम एका तासाचं असेल तर दोन तास अडवा. 12 ला कोथरूडला संपवून 12 ला हडपसरला कुणी पोचत नाही.

4. रजा त्याच कॅलेंडरवर. वेगळ्या वहीत नाही.

5. सरकारी तारखाही घाला. दर महिन्याला जीएसटी भरत असाल तर जीएसटीआर-1 साठी 11 तारीख, 3बी साठी 20 तारीख. पीएफ, ईएसआय लागू असेल तर 15. आठवण चार दिवस आधीची लावा, त्याच दिवशीची लावून उपयोग नाही.

आता सगळ्यात अवघड नियम, आणि तो तुमच्यासाठी आहे. कॅलेंडर बघितल्याशिवाय कुणालाही वेळ द्यायची नाही. माझ्या मते कॅलेंडर बंद पडतं ते बहुतेक मालकामुळेच. जुनं गिऱ्हाईक लग्नात भेटतं, मालक म्हणतो 'उद्या माणूस पाठवतो', आणि नोंद करत नाही. दोनदा असं झालं की टेक्निशियनला कळतं, इथं लिहिलेलं खरं नसतं. मग तो परत तुम्हालाच फोन करून विचारतो. त्याची काय चूक? त्यापेक्षा 'बघून दहा मिनिटांत सांगतो' म्हणायची सवय लावा. गिऱ्हाइकाला राग येत नाही, उलट भरवसा वाटतो.

पंधरा दिवस नेटाने वापरा. मग एक दिवस सकाळी 10 ते 5 फोन बंद ठेवा. कामं ठरल्याप्रमाणे झाली, तर तुमचा धंदा उभा राहतोय. नाही झाली, तर धंदा अजून तुमच्या डोक्यातच चालतोय, आणि आजारी पडायचीही तुम्हाला सोय नाही.

या रविवारी अर्धा तास काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.