बाहुली शोकेसची की हातातली?

आमच्या केनवडसारख्या गावातही आता बऱ्याच घरांत टीव्हीच्या बाजूला काचेचं शोकेस आलंय. त्यात काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कधीही न वापरलेला कपबशीचा सेट, मुलाला शाळेत मिळालेली ढाल, लग्नात आहेर आलेला ताजमहाल आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात एक बाहुली. गुलाबी झगा, सोनेरी केस आणि अंगावर दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी. जिच्यासाठी ती आणली ती पोरगी खाली उभी राहून वर बघत असते. हात वर गेला रे गेला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "नोको काढू वं, खराब होईन ते!"

मैत्रिणींनो, आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. कोणती बाहुली खराब होते, कशाने होते आणि कोणती वापरल्याने मुळीच होत नाही, हे आपण कधी बघतच नाही. सगळ्या बाहुल्या आपल्या लेखी सारख्याच.

आपल्या वऱ्हाडातल्या बायकांना मात्र वस्तू कशी सांभाळायची हे शिकवायची गरज नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडायच्या. भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी पाटावर, रोज संध्याकाळी गाणी आणि मग खिरापत ओळखायची धमाल. कोजागिरी झाली की विसर्जन. ती माती ठेवायची नसते हे चार वर्षांच्या पोरीलाही कळायचं. महालक्ष्म्यांचे मुखवटे याच्या अगदी उलट. देवीला मी बाहुली म्हणत नाही, पण सांभाळण्याची रीत पाहा. तीन दिवसांचा सण झाला की मुखवटे मऊ सुती कपड्यात गुंडाळून पेटीत जातात आणि वर्षभर तिथेच राहतात. पितळी असतील तर घासायचे, शाडूचे असतील तर पाणी लागू द्यायचं नाही. आता फायबरचे मुखवटेही आलेत, ते वजनाला हलके असतात. आणि तिसरी आपली चिंध्यांची बाहुली. आजीच्या लुगड्याच्या तुकड्याची, आत कापूस. ती काखोटीला मारून पोरगी गावभर फिरायची. फाटली की आई दोन टाके घालायची.

म्हणजे काही वस्तू शिरवायची, काही पेटीत ठेवायची आणि काही हातात वापरायची. वस्तू पाहून आपण रीत ठरवत होतो. दुकानातली बाहुली आली आणि हे शहाणपण कुठे गेलं कोण जाणे.

दुकानातल्या बाहुल्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक आपण जिला रबरी बाहुली म्हणतो ती. आमच्या रिसोड तालुक्यातल्या लोणीला सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानपणी तिथून आणलेली, पाठीत शिट्टी असलेली, दाबली की चीं करणारी बाहुली माझ्याकडेही होती. नाव रबरी, पण बहुतेक वेळा ती रबराची नसतेच. ती असते व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची. शेतात बोअरपासून हौदापर्यंत जे पाइप टाकतो ना, तेच हे प्लॅस्टिक. पाइप कडक आणि बाहुली मऊ, कारण बाहुलीच्या प्लॅस्टिकमध्ये ते मऊ करणारं तेलासारखं रसायन मिसळलेलं असतं. जगभर गाजलेली बार्बी १९५९ साली अमेरिकेत आली, तीही व्हिनाइलचीच.

दुसरा प्रकार रेझिनचा. दोन पातळ द्रव एकत्र करून साच्यात ओतायचे, ते आपोआप घट्ट होतात आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाहीत. सध्या वाशीम, अकोल्याकडे ज्या मुली रेझिनचे ट्रे आणि फोटोफ्रेम करून विकतात, त्यांना हे काम ठाऊक आहे. बाजारात मिळणारे राधाकृष्ण, नवरा-नवरीची जोडी, छत्रीवाली मुलगी हे शोपीस बरेचदा रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून केलेले असतात. म्हणून ते हाताला जड लागतात. याच्याही पुढची पायरी म्हणजे सांध्यांत गोळे असलेली रेझिनची बाहुली. जपानच्या व्होल्क्स नावाच्या कंपनीने १९९९ साली तशी बाहुली विकायला काढली आणि तिचा छंद जगभर पसरला. तिचे हातपाय आतून इलॅस्टिकने ओवलेले असतात. डोळे बदलता येतात, केसांचा टोप बदलता येतो, चेहरा हाताने रंगवलेला असतो. किंमत हजारोंच्या घरात. घेणाऱ्या बहुतेक मोठ्या बायका.

आता सांभाळायचं बघू. व्हिनाइलची बाहुली पडली तर फुटत नाही, आपटली तर टवका उडत नाही. केस डोक्यात शिवलेले असतात, त्यामुळे वेणी घाला, सोडा, पुन्हा घाला. मळली तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून घ्या. फक्त पाठीत शिट्टी किंवा अंगात भोक असेल तर बादलीत बुडवू नका. आत पाणी राहून बुरशी धरते. तिचे खरे शत्रू वेगळेच आहेत. पहिला बॉलपेनची शाई. पोरींना बाहुलीला कुंकू, काजळ लावायची हौस असते आणि हाताशी पेनच सापडतो. ती शाई वर बसत नाही, प्लॅस्टिकच्या आत उतरते. नेलपॉलिश काढायचं पाणी लावाल तर शाईबरोबर बाहुलीचं नाकही जाईल. दुसरा शत्रू गडद रंगाचं कापड. काळ्या-लाल कापडाचा झगा शिवलात आणि वर्षभर तसाच ठेवलात, तर तो रंग अंगावर कायमचा उतरतो. तिसरा धातूचे कानातले. जुन्या बार्बींच्या कानांभोवतीची जागा हिरवी पडली ती कानातल्यांमुळेच. आणि चौथा शत्रू आपला उन्हाळा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखालच्या खोलीत माळ्यावर ठेवलेल्या व्हिनाइलमधलं ते मऊपणाचं रसायन बाहेर पाझरतं. बाहुली चिकट होते, धूळ धरते आणि कालांतराने कडक पडते.

गंमत बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्याने बाहुली टिकते असं आपल्याला वाटतं. पण पाझरलेला चिकटपणा पिशवीत कोंडून राहतो आणि कधी कधी पिशवीच अंगाला चिकटते. काचेच्या कपाटावर खिडकीतून ऊन येत असेल तर आणखीच वाईट. म्हणजे आपण जिला वापरू देत नाही, तीही शोकेसमध्ये बसून जुनी होतच असते. फरक एवढाच की तिच्याशी कुणी खेळलेलं नसतं. मग पोरीचं बालपण हातचं घालवून आपण वाचवलं तरी काय?

रेझिनचं उलट आहे. ती कडक असते. पण हातातून फरशीवर पडली की बोट तुटतं, नाकाचा टवका उडतो. चेहऱ्याचा रंग वरवर असतो, सारखा हात लागला की जातो. उन्हाने ती पिवळी पडते आणि तो पिवळेपणा धुऊन जात नाही. पॉलिश पेपरने घासून काढायचा म्हटलं तर ती बारीक धूळ छातीत जाणं वाईट, तोंडाला मास्क लावूनच ते काम करतात. सांध्यांची बाहुली असेल तर काही वर्षांनी इलॅस्टिक सैल पडतं आणि नवं ओवावं लागतं. म्हणजे खरं तर शोकेस हवं ते हिला, तेही उन्हापासून दूर. ही मोठ्या माणसाची वस्तू आहे.

आणि आपल्याकडे होतं काय? जी खेळायची ती कपाटात आणि जी फुटायची ती वाढदिवसाला चार वर्षांच्या पोरीच्या हातात! "दिसायला किती छान आहे ना," म्हणून कुणीतरी रेझिनची जोडी आहेर देतं. पोरगी खुशीत उचलते, संध्याकाळपर्यंत नवरीची मान तुटते आणि धपाटा बसतो पोरीला. तिचा काय दोष? शोभेची वस्तू म्हणून जे विकलं जातं ते खेळणं म्हणून तपासलेलं असेलच असं नाही. तुटलेल्या धारदार तुकड्यांचं आणि लहान भाग गिळले जाण्याचं भय वेगळंच.

माझ्या एका जावेने फार मायेने एक गोष्ट केली होती. स्वतःच्या लहानपणीची रबरी बाहुली तिने ट्रंकेतून काढली आणि दात येणाऱ्या नातीला दिली. बाहुली चिकट झाली होती आणि नात ती चघळत होती. माया खरी, पण मी ती तिच्या हातातून काढून घेतली. का ते सांगते. व्हिनाइल मऊ करायला जी रसायनं वापरत, त्यातली थॅलेट नावाची काही रसायनं लहान मुलांना घातक ठरू शकतात म्हणून युरोपने २००५ मध्ये खेळण्यांतल्या त्यांच्या वापरावर कायमची बंधनं घातली. अमेरिकेने २००८ मध्ये तसाच कायदा केला. जुन्या खेळण्यांच्या रंगात आणि प्लॅस्टिकमध्ये शिसंही असू शकतं. आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तेव्हा यात्रेत घ्या की दुकानात, डब्यावर ते चिन्ह बघा. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर घेऊच नका. आणि आजीची बाहुली आजीकडेच राहू द्या. सुती कपड्यात गुंडाळून, मुखवट्यांसारखी. नातीला ती दाखवा, तिच्या गोष्टी सांगा, पण चघळायला देऊ नका.

कुणी म्हणेल, "बाई, एका बाहुलीवर किती बोलता!" पण मला वाटतं हा विषय बाहुलीवर थांबत नाही. "ही तुझी आहे, पण हात लावू नको," हे वाक्य आपण बायकांनी जन्मभर ऐकलेलं आहे. दागिने तिचे, पण किल्ली सासूबाईंकडे. पगार तिचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, तरी भावाचं मन मोडू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून येणाऱ्या बायका तुमच्या-माझ्या ओळखीतल्याच आहेत. आपली म्हटलेली वस्तू आपल्या हातात असणं, ती वापरणं, तिची काळजी आपण घेणं आणि तिचं काय करायचं हे आपण ठरवणं, याला मालकी म्हणतात. ही सवय पोरीला लावायची तर बाहुलीपेक्षा सोपं साधन कोणतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लहान मुलीला, आणि हवी असेल तर मुलालाही, व्हिनाइलची बाहुली द्या आणि खेळू द्या. केस गुंतू देत, झगा फाटू दे. मात्र रविवारी पाट मांडून तिच्याकडूनच बाहुली पुसून घ्या. केस खालच्या टोकापासून वर विंचरायचे हे तिला दाखवा. झगा पांढऱ्या किंवा फिक्या कापडाचा शिवा आणि सुई तिच्याही हातात द्या. एखादा डाग पडला तर ओरडू नका. डाग पडलेली बाहुली म्हणजे खेळलेली बाहुली.

आणि तुमच्यापैकी कुणा चाळिशीच्या बाईला स्वतःसाठी बाहुली घ्यावीशी वाटली तर लाजू नका. पुरुष माणसाने मोटरसायकलला आरसे-झालरी लावल्या तर ती हौस, आणि बाईने बाहुली घेतली तर "आता काय वय आहे का?" असं का? दिल्लीत व्यंग्यचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बाहुल्यांचं अख्खं संग्रहालय उभं केलं, ते मोठ्या माणसाच्या छंदातूनच. तुमची रेझिनची बाहुली तुम्ही खुशाल काचेत ठेवा, ऊन लागू देऊ नका, सणाला साडी बदला. ती तुमची आहे, ती कुणी काढायची नाही हा नियमही तुमचाच.

पुढच्या वेळी बाहुली घ्याल तेव्हा दुकानात उभ्या उभ्या एकच ठरवा, ही कुणाच्या हातात राहणार आहे. पोरीच्या हातात असेल तर मऊ, धुता येणारी आणि चिन्ह असलेली घ्या आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी तिची पिशवी फाडून टाका.